दीडशे युनिटच्या आत: वीजबचत की मीटरशी लपाछपी?

रामबागची_सून
मंडळी, इंदूरकरांना हे नवीन नाही, बाहेरच्यांसाठी आधी थोडं सांगते. मध्य प्रदेशात घरचा महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत राहिला तर पहिल्या १०० युनिटचे फक्त १०० रुपये लागतात. वरचे पन्नास नेहमीच्या दराने. फरक राज्य सरकार वीज कंपनीला देतं. आधी इंदिरा गृह ज्योती म्हणायचे, आता अटल गृह ज्योती. पण १५० च्या पुढे गेलात की सवलत सगळीच जाते, पहिल्या युनिटपासून पूर्ण दर.

त्यामुळे आमच्या घरात महिनाअखेरीला कर्फ्यू असतो. सासरे रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन मीटरपाशी. इस्त्री बंद, गिझरचं नाव काढायचं नाही, चटणीला मिक्सरऐवजी पाटा (तो वापरायचा कोणी ते विचारू नका). रीडिंग झालं की दुसऱ्या दिवशी चादरींसकट सगळं मशीनमध्ये. म्हणजे वीज वाचली का? नाही, चार दिवस पुढे ढकलली.

शेजारी म्हणतात, वरच्या मजल्यावर दिरांच्या नावाने दुसरा मीटर घ्या, दोन्हीकडे सवलत घ्या. नवरा म्हणतो सोलर लावू. मला पडलेला प्रश्न असा की या योजनेने लोक खरंच कमी वीज वापरायला शिकतात, की नुसते मीटरला चकवायला? आणि आमच्यासारख्या घराने नेमकं काय करावं? एप्रिल ते जून आम्ही दोनशे-सव्वादोनशेवर जातो, एरवी काठावर.

शेव_परमल
महिन्याच्या एकोणतीस तारखेला पाहुणे येऊ नयेत म्हणून आमची आई फोनवर चक्क "आम्ही उज्जैनला आहोत" सांगते. पाहुणा म्हणजे पाचवा पंखा!

जुना_लाइनमन
सूनबाई, एक गैरसमज आधी दूर करतो. हिशोब कॅलेंडरच्या महिन्याचा नसतो, दिवसाला सरासरी पाच युनिट असा असतो. रीडिंग ३३ दिवसांनी झालं तर १६५ पर्यंत चालतं, २८ दिवसांनी झालं तर १४० लाच हद्द संपते. सासऱ्यांना सांगा, बिलावर मागच्या रीडिंगची तारीख असते, तिथून दिवस मोजायचे. स्मार्ट मीटर बसला असेल तर रोजचा वापर मोबाइलवर दिसतो, टॉर्चचं काम नाही.

आता दुसरा मीटर. वर दिरांची चूल वेगळी, संसार वेगळा असेल तर खुशाल अर्ज करा. पण एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं कागदावर दोन करायची असतील तर माझ्याकडे सल्ला मागू नका. नोकरीत असताना अशी घरं खूप बघितली. खालचा फ्रिज वरच्या मीटरवर, त्यासाठी जिन्यातून ओढलेली वायर, जोडाला नुसती टेप, आणि जुलैत भिंतीला हात टेकला की झिणझिण्या. शिवाय दोन मीटर म्हणजे दोन अनामत रकमा आणि दोन स्थिर आकार, ते कोणी सांगत नाही.

विंध्यवारा
सोलर, मीटर वगैरे नंतर. घरात पंखे किती आणि केव्हाचे?

रामबागची_सून
चार. आमच्या लग्नाच्या वेळचे. तपकिरी, सोनेरी पट्टीवाले. का?

विंध्यवारा
कारण उत्तर तुमच्या डोक्यावर फिरतंय :)

जुना पंखा पूर्ण वेगात ७५ वॅटच्या आसपास घेतो. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा पंखा तेवढीच हवा २८ ते ३५ वॅटमध्ये देतो. ४५ वॅटचा फरक धरा, चार पंखे, उन्हाळ्यात दिवसाला पंधरा तास. रोजचे २.७ युनिट, महिन्याचे ८१. तुमचे सव्वादोनशे तिथेच दीडशेच्या खाली येतात, तेही मिक्सर वापरून. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, तेव्हा दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका, लेबल बघा.

दुसरी गोष्ट टीव्हीचा सेट टॉप बॉक्स. टीव्ही बंद केला तरी तो जागा असतो. दहा वॅट धरले तरी महिन्याला सात युनिट. भिंतीवरचा खटका बंद करा.

चिकित्सक_चिंतू
८१ हा आकडा ऐकायला गोड आहे, पण चारही पंखे पंधरा तास आणि पाच नंबरवर कोण लावतो? पहाटे सगळे दोनवर आणतात, आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर दोनवर जुना पंखासुद्धा बऱ्यापैकी कमी खातो. मी ८१ चे पन्नास धरीन.

अपवाद एकच. भिंतीवर तो जुना काळा डबा रेग्युलेटर असेल तर गोष्ट वेगळी. पंखा दोनवर ठेवून अर्ध्या तासाने डब्याला हात लावून बघा. तो जो कोमट लागतो ना, ते तुमचे पैसे. वेग कमी झाला तरी वाचायला हवी होती त्यातली बरीचशी वीज डबा गरम करण्यात जाते.

रामबागची_सून
हात लावून आले. कोमट नाही, चांगलाच गरम आहे. दोन खोल्यांत डबे आहेत.

राजवाडेकर
धागा पंख्यांच्या दुकानात शिरला. मूळ प्रश्न धोरणाचा होता, तिकडे येतो.

जिथे उतार हवा होता तिथे आपण कडा बांधली आहे. १५० वाला आणि १५१ वाला यांच्या ऐपतीत काडीचा फरक नाही, बिलात पाचशेच्या आसपास फरक. याचे दोन परिणाम रोज दिसतात. काठावरचे लोक मीटरशी खेळतात, आणि ज्यांची सवलत गेली त्यांना मग काहीच धरबंध राहत नाही. "गेली ना सवलत? मग लाव एसी अठरावर." आमच्या मजल्यावर मे महिन्यात हे वाक्य मी कानांनी ऐकतो. १६० ला जो माणूस थांबला असता तो २६० ला जातो.

सवलत द्यायला माझा विरोध नाही. पण ती दर महिन्याला बिलात द्यायची की एकदाच वस्तूत द्यायची? ५ जानेवारी २०१५ ला उजाला सुरू झाली ती आठवा. सरकारी कंपनी ईईएसएलने एलईडी बल्ब घाऊक विकत घेतले. २०१४ मध्ये एका बल्बचा खरेदीचा भाव तीनशेच्या वर होता, दोन-तीन वर्षांत तो चाळिसाच्या खाली आला. त्यामुळे बाजारातला बल्बही उतरला आणि ज्यांनी योजनेचं नावही ऐकलं नव्हतं त्यांच्या घरातले पिवळे दिवे गेले. पंख्यांसाठी तसाच कार्यक्रम २०२३ मध्ये जाहीर झाला, लक्ष्य एक कोटी पंख्यांचं. राज्याने सवलतीतल्या पैशाचा थोडा भाग तिकडे वळवला तर पुढे सवलतच कमी द्यावी लागेल. हे गणित वित्त खात्याला कळत नाही असं नाही. पण पंखा एकदाच मिळतो, शंभर रुपयांचं बिल दर महिन्याला आठवण करून देतं.

साबुदाणा_खिचडी
राजवाडेकर दादा, तुमचं उतार-कडा प्रकरण पटलं, पण एक बघा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई पालद्याकडे एका खोलीत राहतात. एक पंखा, एक कूलर, टीव्ही, दोन बल्ब. त्यांच्यासाठी शंभर रुपयांचं बिल ही चैन नाही, मुलीच्या वह्या आहेत त्यात. तीन हजारांचा पंखा त्यांना कोण देणार, आणि दिला तरी तो लावायचा घरमालकाच्या छताला?

आणि खरी मेख ऐका. त्या घरात मीटर मालकाच्या नावावर. पाच खोल्या, पाच भाडेकरू, प्रत्येकाकडून मालक युनिटला दहा रुपये घेतो. म्हणजे जिच्यासाठी योजना आहे तिला ती मिळतच नाही! तुम्ही पंधरा वर्षं धोरण आखा, भाडेकरूच्या खोलीत ते पोचत नाही.

राजवाडेकर
भाडेकरूचा मुद्दा बिनतोड आहे. मीटर नावावर नसलेला माणूस कुठल्याच योजनेत दिसत नाही. सोलरमध्येही तेच, छत ज्याचं अनुदान त्याचं.

ओट्यावरचा_पंच
एवढी चर्चा चालू आहे आणि कोणी पोहे-जलेबी मागवली नाही, हे इंदूरच आहे ना भिया?

बडोदेकर
अलकापुरीहून नमस्कार. आमच्याकडे अशी कडा नाही, म्हणून लोक सरळ छतावर चढले. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, त्यात छतावरच्या सोलरमध्ये गुजरात देशात पुढे आहे. अनुदान दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्तीला एकूण ७८,०००. एक किलोवॅट वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चारेक युनिट देतो, म्हणजे तीन किलोवॅटचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास.

पण ताई, तुमच्या नवऱ्याला जरा थांबवा. तुमचं बिल वर्षातले सात-आठ महिने सवलतीतलं आहे. अनुदान वजा करूनही खिशातून लाखाच्या आसपास जाणार, आणि वाचणार ते शंभर रुपयांचे युनिट? चारशे युनिट जाळणाऱ्याचे पैसे चार-पाच वर्षांत वसूल होतात, तुमचे कधी होतील ते तुम्हीच मांडा. सरकार एका हाताने वीज इतकी स्वस्त करतं की सोलर परवडू नये, आणि दुसऱ्या हाताने सोलर घ्या म्हणून पैसे देतं. दोन्ही हात करदात्याच्याच खिशात.

शेव_परमल
बडोद्यात म्हणे कालव्यावर पण पॅनल टाकलेत?

बडोदेकर
हो, नर्मदेच्या कालव्यावर, १० मेगावॅट. जानेवारी २०१५ मध्ये उद्घाटन झालं, बान की मून आले होते. त्याआधी २०१२ मध्ये मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासनला १ मेगावॅटचा प्रयोग झाला होता. जमीन लागत नाही आणि पाण्याची वाफ कमी होते. मात्र कालव्यावर आडवा लोखंडी सांगाडा उभा करायचा खर्च जास्त पडतो, म्हणून गावोगावी कालवे झाकलेले दिसत नाहीत.

मालवी_मिरची
आणि आमच्या रीव्याचं ऊन दिल्लीच्या मेट्रोला! ७५० मेगावॅटचा प्रकल्प मध्य प्रदेशात, गारेगार डब्यात बसणार दिल्लीकर.

विंध्यवारा
मिरचीताई, फुकट नाही देत. मेट्रोसारखा खात्रीचा गिऱ्हाईक होता म्हणून तर २०१७ च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे निघाला. त्या काळी तो नीचांक होता. बहुतेक वीज राज्यातच राहते.

लष्करकर
ग्वाल्हेरहून. तुम्ही माळव्यातले लोक नशीबवान, रात्री गच्चीवर वारा तरी असतो. आमच्याकडे मे महिन्यात रात्री अकरालासुद्धा गच्चीवर चटई टाकवत नाही. पंखा म्हणजे भट्टीतली हवा ढवळणं. कूलरशिवाय इलाज नाही, आणि आता जो तो एसी घेऊन राहिला आहे. मग तुमची पाच युनिटची सरासरी कुठे राहणार?

कूलर मात्र कमी समजू नका. दीडशे-दोनशे वॅटमध्ये खोली गार, दीड टनाचा एसी त्याच्या कितीतरी पट घेतो. वाळ्याच्या टट्ट्या दर वर्षी बदला आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. निम्मे लोक खिडकी बंद करून कूलर लावतात आणि घाम आला की कूलरला शिव्या देतात. जुलैत हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो, हे कबूल.

चिकित्सक_चिंतू
एसीवाल्यांसाठी: २०२० पासून नवे एसी सुरू केले की आपोआप २४ वरच लागतात, ते उगाच नाही. ऊर्जा दक्षता ब्यूरोचा अंदाज आहे की एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. आणि जुलै २०२२ मध्ये एसीच्या ताऱ्यांचे निकष कडक झाले, तेव्हाचा पाच तारेवाला नव्या मापाने चारवर आला. जुना माल "फाइव्ह स्टार" म्हणून गळ्यात मारत असतील तर लेबलवरचं वर्ष वाचा. मे २०२४ मध्ये देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटला टेकली. ती तिथवर नेण्यात आपल्या एसींचा हात मोठा होता.

पाण्याची_टाकी
तुम्ही सगळे मीटरकडे बघताय, नळाकडे कोणी बघत नाही.

इंदूरचं पिण्याचं पाणी कुठून येतं? सत्तर किलोमीटरवरून, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, नर्मदेतून. नदी खाली निमाडात, आपण वर पठारावर. उंचीचा फरक सुमारे चारशे मीटर. शाळेतलं पदार्थविज्ञान लावा: हजार लिटर पाणी चारशे मीटर उचलायला किमान एक युनिट, पंपाचं आणि नळातल्या घर्षणाचं नुकसान धरलं की दीडच्या पुढे. हे तुमच्या मीटरवर दिसत नाही, महापालिकेच्या बिलात जातं, आणि ते बिल महिन्याला कोटींत असतं.

आता आमच्या गल्लीतलं दृश्य. एक दिवसाआड पाणी येतं, म्हणून नळ आला की सगळे मोटर लावतात आणि टाकी भरून वाहेपर्यंत बंद करत नाहीत. गच्चीच्या पन्हाळीतून नर्मदा खाली गटारात. म्हणजे विंध्य चढवायला एकदा वीज, गच्चीवर चढवायला दुसऱ्यांदा वीज, आणि मग गटार. टाकीत तरंगत्या बॉलचा स्वयंचलित खटका हजारभर रुपयांत बसतो. दीडशे युनिटसाठी टॉर्च घेऊन मीटर बघणाऱ्या काकांनी एकदा गच्चीवर पण चक्कर मारावी.

जुना_लाइनमन
टाकीताईंना शंभर टक्के अनुमोदन. खटका लावायचाच, पण पन्हाळीखाली राहणाऱ्याला विचारा, तो आधीच लावून देईल.

अर्थातुराणाम्
पाण्यावरून आठवलं. याच पंपांच्या बिलासाठी महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित बाँड (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून व्याजाने घेतलेले पैसे) काढले होते. २४४ कोटींचे, व्याज सव्वाआठ टक्के, जलूदला ६० मेगावॅटचा सोलर प्रकल्प बांधायला. सामान्य माणसाला घेता येतील असे, शेअर बाजारात नोंदलेले. मुळात मागितलेल्या रकमेच्या जवळजवळ सहापट मागणी आली. प्रत्येक बाँडचे चार तुकडे, तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी परत मिळणारे. मी थोडे घेतले होते. बायको म्हणाली, "घरच्या छतावर पॅनल नाही आणि जलूदला लावतोय." म्हटलं, छत चौथ्या मजल्यावरच्यांचं आहे, बाँड माझे आहेत.

मला यात जे आवडलं ते असं की दुसऱ्याच्या अनुदानाची वाट न बघता शहराने आपल्या सगळ्यात मोठ्या खर्चावर बोट ठेवलं. ओल्या कचऱ्याचंही तसंच. देवगुराडियाचा दिवसाला ५५० टन क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, त्याच्या गॅसवर बसगाड्या चालतात. स्वच्छतेत नंबर येतो ते सगळे मिरवतात, याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

चिकित्सक_चिंतू
बोट ठेवलं हे खरं, पण सोलर लावल्याने पंपाची भूक कमी होत नाही, नुसता घास देणारा बदलतो. वाटेतली गळती थांबवली तर पाणीच कमी उचलावं लागेल. गळती दुरुस्तीला उद्घाटन करता येत नाही, हीच अडचण.

अर्थातुराणाम्
मान्य. पण गळती दुरुस्तीवर सव्वाआठ टक्के व्याज कोण देणार, तेही सांगा.

चौथा_मजला
छताचा उल्लेख झाला म्हणून तोंड उघडतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं दुःख मे महिन्यात दुपारी तीन वाजता छताला हात लावल्याशिवाय कळत नाही. रात्री दहापर्यंत स्लॅब घरात ऊन सोडत राहतो. राजवाड्यामागच्या आजोबांच्या वाड्यात हात-हात जाडीच्या भिंती होत्या, तिथे मेमध्ये दुपारी पांघरूण लागायचं (बरं, थोडं वाढवून सांगतोय). आता चार इंची भिंत, पश्चिमेला काच, आणि त्यावर उतारा म्हणून एसी.

यावर नियम आहेत. इको निवास संहिता २०१८ सालची, तिने घराच्या छतातून आणि भिंतींतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घालून दिली आहे. बिल्डरला विचारलं तर म्हणाला, "ये कौन सी संहिता है भिया, मनु की?"

मी शेवटी गच्चीला चुना मारला. चुना, पांढरं सिमेंट आणि थोडा गोंद, दोन हात. फरक पडतो, हाताला कळतो. एसी तासभर उशिरा लागतो. पाऊस झाला की निम्मा जातो, दर मार्चला पुन्हा मारायचा.

साबुदाणा_खिचडी
हे बाकी ताईंच्या खोलीलाही जमेल, पत्र्यावर. घरमालकाला विचारायलाच नको, पत्रा कोण बघतंय!

जुना_लाइनमन
बघा सूनबाई, तुमच्या दुसऱ्या मीटरचं शेवटी काय ठरलं? आणि एक सांगायचं राहिलं. स्मार्ट मीटरवाल्यांना दिवसा नऊ ते पाचच्या वापरावर दरात वीस टक्के सूट आहे. दिवसा सोलरची वीज भरपूर असते, संध्याकाळी सगळे एकदम दिवे-एसी लावतात तेव्हा ती नसते, म्हणून. मोटर, इस्त्री, कपड्यांचं मशीन दुपारी उरका. तेवढं तरी ढकलण्याला अर्थ आहे, महिनाअखेरीच्या ढकलण्याला नाही.

रामबागची_सून
सगळ्यांचे आभार. धागा वाचून दाखवला घरी. दुसरा मीटर बाद, दीर म्हणाले "माझी चूल तुमच्याकडेच बरी आहे." सोलर बाद, नवरा जरा रुसलाय. ज्या दोन खोल्यांत डबे आहेत तिथले पंखे आधी बदलतोय, उरलेले दिवाळीला. टाकीचा खटका उद्याच. सासरे गच्चीवर जाऊन आले आणि तेव्हापासून मीटरऐवजी टाकी बघतात, टॉर्च तोच.

राजवाडेकर, तुमचा उतार सरकार करेल तेव्हा करेल. पण दीडशेचा काठ आमच्यापासून लांब गेला तर मिक्सर तरी सुखाने लावता येईल.

एक अडचण. बीएलडीसीला म्हणे रिमोट असतो. सासरे रिमोट हरवणार, आणि मग पंखा पाचवरच फिरणार. भिंतीवरच्या बटणाने चालणारा मिळतो का?

विंध्यवारा
मिळतो. काही कंपन्या भिंतीवर लावायचं बटण देतात, आणि काहींमध्ये भिंतीवरचा नेहमीचा खटका बंद-चालू केला की वेग बदलतो. घेताना दुकानातच लावून बघा. आणि जुना डबा काढून टाकायला सांगा, सरळ तार जोडायची. वायरमन म्हणेल "राहू द्या, काय बिघडतंय." ऐकू नका, डब्यातून बीएलडीसी चालवला की मोटरचं कार्ड जातं आणि वॉरंटीत बसत नाही.

शेव_परमल
डबा फेकू नका, थंडीत हात शेकायला ठेवा.